डॉलरचं कुलूप

अमेरिकेत खुर्चीवरचा पक्ष बदलला की नवा राष्ट्राध्यक्ष पहिल्या आठ-दहा दिवसांतच एका कागदावर सही करतो. त्या सहीनं नेपाळच्या डोंगरातली, आफ्रिकेतल्या झोपडपट्टीतली बाई दवाखान्याच्या दारातून परत फिरते, नाहीतर आत येते. तिला कुणी विचारत नाही. तिचं मत त्या निवडणुकीत नाही. तिचं पोट मात्र त्या निवडणुकीत आहे.

ही भानगड काय ते आधी समजून घेऊ. १९८४ च्या ऑगस्टात मेक्सिको सिटीत लोकसंख्येवरची जागतिक परिषद भरली. तिथं रेगनच्या सरकारनं जाहीर केलं की, कुटुंबनियोजनासाठी आमचा पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेनं गर्भपात करायचा नाही, तो कुठं होतो ते सांगायचं नाही, आणि आपल्या देशातला कायदा सैल करा अशी मागणीही करायची नाही. दुसऱ्याकडून आणलेल्या पैशानंसुद्धा नाही! बलात्कार, सख्ख्या नात्यातला अत्याचार, बाईच्या जिवाला धोका, एवढ्यापुरतीच सूट. क्लिंटननं १९९३ ला हा नियम काढला, धाकट्या बुशनं २००१ ला घातला, ओबामानं २००९ ला काढला, ट्रम्पनं २०१७ ला घातला, बायडननं २०२१ ला काढला, ट्रम्पनं २०२५ च्या जानेवारीत परत घातला. २०१७ ला तर तो एकट्या कुटुंबनियोजनावर राहिला नाही. एड्स, मलेरिया, बाळंतपण, सगळ्या आरोग्याच्या पैशाला तीच अट लागली. तिकडचे लोक याला तोंडबंदीचा नियम म्हणतात. नाव बरोबर आहे.

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, त्यांचा पैसा, त्यांची अट, यात चुकलं काय? सांगतो. अमेरिकेचा पैसा परदेशात गर्भपाताला वापरायचा नाही, असा कायदा १९७३ पासूनच आहे. हेल्म्स नावाच्या सिनेटरनं तो आणला. म्हणजे त्यांच्या पैशाला विटाळ होण्याचा प्रश्न अकरा वर्षं आधीच मिटला होता. १९८४ चा नियम दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या जिभेवर आहे. मी गोदीत मजुरी करतो. उद्या मुकादम म्हणाला, माझ्या पैशाची दारू पिऊ नको, तर एक वेळ ऐकून घेईन. पण तो म्हणाला, बायकोच्या कमाईतूनही माझ्या मर्जीबाहेर खर्चायचं नाही आणि युनियनचं नाव तोंडातून काढायचं नाही, तर तो पगार राहत नाही, ती वेठ होते.

आणि गंमत बघा. हा नियम घडवला तो परदेशी संस्थांसाठी. अमेरिकेतल्या संस्थांवर असाच्या असा लादला असता तर त्यांच्याच घटनेतलं बोलण्याचं स्वातंत्र्य आडवं आलं असतं. म्हणजे गोऱ्या डॉक्टरला जीभ आहे, काळ्या-सावळ्या डॉक्टरला नाही. ज्ञान कानावर पडलं तर शिसं ओता म्हणणाऱ्यांची जात आपल्याला लांबूनच ओळखू येते. इथं फक्त शिशाच्या जागी डॉलर आहे.

नेपाळचं बघा. तिथं २००२ पर्यंत गर्भपात हा गुन्हा होता. गरीब बाया त्यापायी तुरुंगात सडत होत्या. तिथल्या कुटुंबनियोजन संघटनेनं हा कायदा बदला म्हणून तोंड उघडलं. २००१ ला बुशचा कागद आला, तेव्हा तिनं सही करायला नकार दिला आणि अमेरिकेचा पैसा गमावला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. सांगा, गुन्हेगार कोण?

बरं, ज्या गोष्टीसाठी हा आटापिटा, ती तरी साधली का? २०१९ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात आफ्रिकेतल्या २६ देशांचा अभ्यास छापून आला. अमेरिकेच्या पैशावर जास्त अवलंबून असलेल्या देशांत हा नियम असताना गर्भपात कमी नाही, वाढले. इतर देशांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी! कारण साधं आहे. संस्थेचा पैसा गेला की दवाखाना बंद पडतो. दवाखाना बंद पडला की गोळी, निरोध, तांबी मिळत नाही. ती मिळाली नाही की दिवस जातात. मग बाई सुईणीकडे, भोंदूकडे, काडीकडे जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात वर्षाला ७ कोटींवर गर्भपात होतात आणि त्यातले ४५ टक्के धोक्याचे असतात. गर्भपात थांबत नाही. थांबतो फक्त डॉक्टर.

आता कुणी म्हणेल, मग अमेरिका आधी चांगली होती का? छट्! १९६५-६७ च्या दुष्काळात अमेरिकेचा गहू बोटींनी आपल्या बंदरांत उतरत होता. जॉन्सन ते धान्य महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडत होता. शेतीचं धोरण बदला, कुटुंबनियोजनाला जोर लावा, हा तगादा त्या गव्हाबरोबरच आला. पुढं आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. गरीब, दलित, मुसलमान, फुटपाथवरचा, जो हाती लागला तो कापला. जागतिक बँकेचा मॅक्नामारा १९७६ ला येऊन कौतुक करून गेला. मग सुरी बायांकडे वळली. २०१४ ला छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात ८३ बायांची ऑपरेशनं उरकली आणि त्यानंतर १३ बाया मेल्या.

म्हणजे काल हुकूम होता, कापा. आज हुकूम आहे, बोलू नका. दोन्ही हुकूम एकाच तिजोरीतून निघाले आणि दोन्ही वेळा बाईला विचारलं नाही. जो कापण्याच्या हुकमावर चिडतो त्यानं तोंडबंदीवरही चिडलं पाहिजे, नाहीतर त्याचं भांडण बाईसाठी नाहीच.

आणि ही गोष्ट परदेशी पैशानं आपल्याला शिकवलेली नाही. १९२१ ला र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा कुठला डॉलर आला होता? १९३४ ला त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. १९३८ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहानं तो पाडला. तो लढा बाईच्या जिवासाठी होता, कुणाच्या आकड्यासाठी नव्हता.

काही कडवे दोस्त म्हणतात, साम्राज्यवादी मदत बंद झाली तर बरंच झालं. हे बोलणं सोपं आहे. मदत बंद झाली म्हणून श्रीमंताची पोरगी अडत नाही, ती नर्सिंग होममध्ये जाते. अडते ती डोक्यावर पाटी घेणारी. आणि तिला आपण म्हणायचं, तू क्रांती होईपर्यंत थांब? तिचे दिवस थांबत नाहीत.

म्हणून आपलं म्हणणं सरळ आहे. मदत द्या, तोंड बांधू नका. आणि आपल्या सरकारांनो, गरीब बाईचा दवाखाना वॉशिंग्टनच्या सहीवर ठेवू नका. तो आपल्या तिजोरीतून चालवा. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, पण तो कागदावरचा कायदा सरकारी दवाखान्यात, विनामूल्य, शिव्या न खाता तिच्या हातात पडला पाहिजे. मूल हवं की नको, हे ती ठरवेल. नवरा नाही, मुल्ला-पुरोहित-पाद्री नाही, कलेक्टरचं टार्गेट नाही आणि सात समुद्रापलीकडचा कुठला राष्ट्राध्यक्ष तर नाहीच नाही!