चालायचं कुणाच्या लेकरांनी?

शाळेचा विषय निघाला की विद्वान लोक दोन पाट्या पुढं करतात. एक म्हणतो, शाळा वस्तीवार पाहिजे, लेकराच्या दारात. दुसरा म्हणतो, शाळा इयत्तावार पाहिजे. एका वर्गात एकाच इयत्तेची तीस-चाळीस पोरं, वर्गाला स्वतंत्र गुरुजी, खेळायला मैदान. दोघंही आपल्या भल्याचंच बोलतात. आणि दोघंही एक प्रश्न गिळून टाकतात. चालायचं कुणाच्या लेकरांनी?

सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा 14,783. त्यांत मुलं 1,85,467, शिक्षक 29,707. शाळेमागं साडेबारा लेकरं. ती गोळा करा, गाडीत घाला, मोठ्या शाळेत न्या. उदाहरण म्हणून पानशेत आणि तोरणमाळ. पुढं 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानं अशी सोय केली, की सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर तिथं शिक्षकच मंजूर नाही. कुलूप कशाला पाहिजे? गुरुजी उचला, शाळा आपोआप मरते.

आता हा वीसच्या आतला पट असतो कुठं? किनवट-माहूरच्या डोंगरातल्या कोलामपोडावर. मुखेड-कंधारच्या तांड्यावर. गावापासून ओढ्यानं तोडलेल्या मातंगवस्तीत, बौद्धवाड्यात. आणि पट का घसरला? गावातली पैसेवाली पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला गेली. मागं राहिली ती आपली. त्यांची मोजदाद झाली आणि ती कमी भरली.

सरकारची गंमत बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी अधिसूचना काढली : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेनं पंचवीस टक्क्यांतली गरिबाची पोरं घ्यायची गरज नाही. म्हणजे आपलं पोरगं त्यांच्या दारात गेलं की, 'तुझी शाळा तुझ्या शेजारीच आहे, तिकडं जा.' आणि शेजारच्या शाळेत बसलं की, 'इथं पट नाही, लांब जा.' ती अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयानं 19 जुलै 2024 ला रद्द केली. पण ज्या डोक्यातून ती निघाली ते डोकं काही रद्द झालेलं नाही.

शेजारशाळेची बाजू घेणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनाही दोन शब्द. कोठारी आयोगानं 1966 ला शेजारशाळा सांगितली : एका परिसरातली सगळी पोरं, जात-पात न बघता, एकाच शाळेत. 2009 च्या कायद्यात शेजार आला, राज्याच्या 2011 च्या नियमात त्याचं अंतर आलं : पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन. छान. पण बाबांनो, मराठवाड्यातल्या गावात शेजार कुणी आखला? किलोमीटरनं आखला का? गावठाण वर, आपण खाली. मारुतीच्या पारापाशी शाळा, आणि नाला ओलांडून आपली आळी. शेजारावर शाळा बांधली की तिचा पट हाच जातीचा दाखला होतो.

हे दुखणं नवं नाही. 1882 ला हंटर आयोगापुढं जोतिबांनी सांगितलं, की महार-मांगांच्या पोरांना वरच्या जातींच्या पोरांशेजारी बसू देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत त्या फक्त मोठ्या शहरांत. 1919 ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. शाहूंनीही शाळा बंद केल्या होत्या, हे ध्यानात ठेवा. फरक एवढाच, की त्यांनी आधी दुसऱ्या शाळेचं दार उघडायला लावलं. आजचा हुकूम फक्त कुलपाचा आहे.

म्हणून इयत्तावार शाळेला मी सरसकट विरोध करत नाही. चार इयत्ता एका खोलीत, एक गुरुजी, त्यात खिचडीचा हिशेब आणि मतदारयाद्या, याला शिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (लातूर पॅटर्नचा डंका बारावीच्या निकालावर वाजतो; तिसरीत गळालेलं पोरगं त्यात कुठं मोजलं जातं?) पण इयत्तावार करायचीच असेल तर प्रिन्स्टनसारखी करा.

प्रिन्स्टन हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं गाव. ज्या काळ्या माणसांच्या पँथरवरून आपण 1972 ला नाव घेतलं, त्यांच्याच देशातलं. तिथं गोऱ्यांची शाळा नासाऊ स्ट्रीटवर, काळ्यांची विदरस्पूनला. 1947 च्या राज्यघटनेनं शाळांतला वर्णभेद बंद केला, तेव्हा 1948 ला गावानं पोरं इयत्तेनं वाटली. पाचवीपर्यंतची सगळी नासाऊला, सहावी ते आठवीची सगळी विदरस्पूनला. म्हणजे गोऱ्याचं पोरगंही दप्तर घेऊन काळ्यांच्या वस्तीत चालत गेलं.

आपल्या गावात हे करा की! ज्या गावात गावठाणात एक शाळा आणि आपल्या वस्तीत एक, तिथं पहिली ते चौथी सगळ्या गावाची एकीकडं, पाचवी ते सातवी सगळ्या गावाची आपल्या वस्तीत. पाटलाच्या नातवाला नाला ओलांडू द्या. आपल्या बाईनं शिजवलेली खिचडी त्याच्या ताटात पडू द्या. मला ठाऊक आहे, दुसऱ्या दिवशी तो व्हॅनमध्ये बसेल. बसू द्या. मग 'पोरांना सवंगडी मिळावेत म्हणून समूहशाळा' हे कीर्तन तरी थांबेल.

'गाडी देतो' म्हणतात. निलंग्याकडची एक माय म्हणाली, "गाडी बंद पडली की लेकरू कुणाच्या रानातून येणार? त्येंच्याच ना?" ही भीती तिनं घरात बसून रचलेली नाही. 1978 ला नामांतराच्या ठरावानंतर याच भागात वस्त्या पेटल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. जून 2023 मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या तरुणाचा, भीमजयंतीच्या रागातून खून केल्याचा गुन्हा नोंदला गेला. आणि वाटेवर नुसती माणसंच नाहीत, पाणीही आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ-रावणगावला पाणी घरात शिरलं, माणसं गेली. त्या तालुक्यात सहा वर्षांच्या लेकराला ओढ्यापल्याड पाठवायचं? मुलगी असेल तर बाप पाचवीतच म्हणणार, "ऱ्हाऊ दे, बहिणीला सांभाळ."

तेव्हा कार्यकर्त्यांनो, भाषणं पुरे. कायद्याचं कलम 21 वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालक, निम्म्या बाया, आणि वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतल्या किती बायांना आपण सभासद आहोत हे तरी माहीत आहे, ते विचारा. त्यांच्या अंगठ्यावर शाळा बंद करायचा ठराव जाऊ लालाय का, ते रजिस्टर उघडून बघा. नव्या शाळेपर्यंतची वाट पावसाळ्यात स्वतः चाला, लागलेली मिनिटं लिहा, मधले ओढे लिहा. मग समितीत ठराव मांडा : शाळा एकत्र करायच्या असतील तर एक इमारत आमच्या वस्तीत, ती होईपर्यंत इथला गुरुजी हलणार नाही. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्याकडं द्या आणि पोच घेतल्याशिवाय पंचायत समितीच्या पायऱ्या उतरू नका.