हळू फिरवलं की फिनिश येतं?

"स्पीड कमी ठेव रे, फिनिश चांगलं येईल." कॉलेजच्या वर्कशॉपात मामांनी डोक्यात घातलेलं हे वाक्य. बोटं शाबूत राहावीत म्हणून म्हणाले असतील तर कबूल. पण आम्ही पोरांनी ते शास्त्र म्हणून घेतलं, आणि ते साफ चूक आहे.

म्हणजे बघा, २५ मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा जॉब १५० आरपीएमने फिरवला तर कटिंग स्पीड पडतो मिनिटाला जेमतेम १२ मीटर. या वेगाला चिपमधला थोडा धातू टूलच्या टोकावर दाबून चिकटतो. हाच तो बिल्ट-अप एज. तो वाढतो, तुटतो, आणि तुटताना काही तुकडे जॉबवरच चिकटवून जातो. मग जॉब ओरबाडल्यासारखा दिसतो आणि आपण एमरी पेपर शोधत फिरतो. (त्या पेपरने किती सबमिशन वाचवली ते विचारू नका :-) )
कार्बाइड टूल लावून मिनिटाला १०० मीटरच्या वर जा, म्हणजे याच जॉबला साधारण १३०० आरपीएम, की हा त्रास बराचसा जातो. हाय स्पीड स्टीलचं टूल तिथे टिकणार नाही, धार जळेल. मग रेक अँगल वाढवा, कटिंग ऑइल सोडा.

आता फीड. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट, एवढ्या उंचीच्या रेघा जॉबवर राहणारच. फीड ०.२ मिमी आणि रेडियस ०.८ मिमी असेल तर सव्वासहा मायक्रॉन. फीड निम्मा केला की दीड मायक्रॉनच्या आसपास. रेडियस निम्मा केला तर मात्र साडेबारा! मग रेडियस वाढवतच न्यावा का? तेही नाही. लांब, बारीक जॉब त्या दाबाने वाकतो, थरथरतो, आणि चॅटरच्या खुणा उमटतात.

टूल सिग्नेचरचे सातही आकडे मी व्हायव्हात घडाघडा म्हटले होते. शेवटचा आकडा नोज रेडियसचा, हेही पाठ. पण चार वर्षांत एकही टूल स्वतः ग्राइंडरवर धरलं नाही, सगळी तयार मिळाली. डिग्री मात्र इंजिनियरिंगची!

माझं म्हणणं, जर्नलमधल्या दोन सुबक आकृत्या कमी करा. त्याऐवजी प्रत्येकाला दोन टूल घासायला लावा, एक नीट रेक दिलेलं, एक शून्य रेकचं. एकाच बारवर दोन्ही चालवा आणि वरून नख फिरवून बघा.