बाल्कनी बंद, घामटं चालू!

‘आपली बाल्कनी आपण सनरूम करून टाकूया का?’

रविवारी सकाळी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बाबांनी हा बॉम्ब टाकला. निमित्त होतं न्यू जर्सीच्या माझ्या मावसबहिणीचा व्हिडीओ कॉल. बाहेर गुडघाभर बर्फ आणि ही बया काचेच्या खोलीत टी-शर्ट घालून मस्त कॉफी पितेय. अंगावर कोवळं ऊन, बाजूला कुंडीत तुळस. बाबा एकदम फिदा! नुकतेच रिटायर झालेले, हातात पीएफचे पैसे आणि भरपूर वेळ. आणखी काय हवं?

आमचं घर मालाडला, मार्वेच्या बाजूला. चौथा मजला, बाल्कनीचं तोंड पश्चिमेला. समुद्र दिसत नाही, पण त्याचा वारा थेट घरात येतो आणि येताना मीठ घेऊन येतो. सोफ्यावर बसलेली आजी तेवढी म्हणाली, ‘अरे, वारो येतलो, पण जातलो खंयसून?’ आजी मालवणची. तिच्याकडे अर्थातच कुणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा. मी तर तोपर्यंत मनातल्या मनात तिथे वर्क फ्रॉम होमचं टेबल मांडलं होतं.

आता कुणी म्हणेल, बाल्कनी बंद करणं हेच मुळात चूक. मला नाही पटत. मुंबईत मान वर करून कुठलीही बिल्डिंग बघा. वन रूम किचनमध्ये बाल्कनी हीच कुणाची बेडरूम असते, कुणाची दहावीची अभ्यासाची खोली, कुणाचं ऑफिस. जागा लागतेच, बॉस. प्रश्न बंद करायची की नाही हा नाहीच. प्रश्न आहे कशी, आणि तो आम्ही विचारलाच नाही.

स्लायडिंगवाला आला, मापं घेऊन गेला. पंधरा दिवसांत सनरूम तयार! मधे मोठ्ठी फिक्स काच, दोन्ही बाजूंना स्लायडिंग, बाहेरून चोरांसाठी बॉक्स ग्रिल. सगळं कसं चकाचक. बाबांनी न्यू जर्सीला फोटो धाडले.

मग एप्रिल उजाडला.

दुपारी तीननंतर त्या खोलीत पाऊल ठेवायची सोय नव्हती. पापड वाळले असते. झालं होतं असं, की काचेतून ऊन आरपार आत येतं. त्याने फरशी, भिंत, खुर्ची तापते. पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. ग्रीनहाउसचा फंडा हाच. न्यू जर्सीच्या थंडीत हे वरदान आहे, तिथे ऊन साठवायचंच असतं. आपल्याकडे, त्यातही दमट हवेत, ऊन अडवायचं असतं आणि वारा खेळवायचा असतं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. ऊन आत, वारा बाहेर!

आईने जाड पडदे लावले. उपयोग शून्य. कारण पडदा आतून असला की ऊन काच ओलांडून आधीच घरात पोचलेलं असतं. सावली बाहेरून हवी. छज्जा, बांबूची चिक, वेल, काहीही चालेल. शिवाय दोन पल्ल्यांची स्लायडिंग उघडून उघडणार किती? अर्धीच. एक पल्ला कायम दुसऱ्याच्या मागे उभा. आणि गरम हवा वर चढते, तर वरच्या बाजूला तिला वाटच नव्हती.

एप्रिल-मे कसाबसा काढला. म्हटलं, पावसाळ्यात तरी मजा येईल. गरम चहा, काचेवर थेंब वगैरे. मुंबईत जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या बाजूला तो सरळ नाही, आडवा येतो. पहिल्याच जोरदार सरीत स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकचं तळं झालं आणि मग ते तळं हॉलमध्ये उतरलं. का, तर ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती फिटिंग करताना सिलिकॉनने मस्तपैकी बुजवली होती. ‘मॅडम, पाणी आत येऊ नये म्हणून सगळं सील केलंय,’ असं वर अभिमानाने सांगितलंही होतं. किनाऱ्यावर पाणी थोडंफार आत येणारच. येऊच नये म्हणून जंग जंग पछाडण्यापेक्षा आलेलं पाणी लगेच बाहेर कसं जाईल, ते बघायचं असतं. खालची कडा बाहेरच्या बाजूला उतरती हवी आणि ती भोकं मोकळी हवीत. बस्स.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ग्रिलवर गंज आला. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर, स्क्रूभोवती पांढरी पावडर धरली. इथे माझ्यातली पत्रकार जागी झाली. चार फॅब्रिकेटर आणि एका आर्किटेक्ट मैत्रिणीचं डोकं खाल्लं. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक झिजायला लागतो. म्हणून अॅल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू नकोत. स्टेनलेसचे हवेत आणि मधे नायलॉनचा वॉशर. ‘स्टेनलेस’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, पण त्यातही ग्रेड असतात. नेहमीचं ३०४ समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. लोखंडच वापरायचं तर कापून, वेल्डिंग करून झाल्यावर गॅल्व्हनाइझ केलेलं बरं. नाहीतर वेल्डिंगच्या जागेवरचा झिंक जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आणि एक गंमत. सगळ्यात जास्त गंज कुठे होता माहितेय? छज्जाखाली, जिथे पाऊस लागतच नव्हता तिथे! उघड्या भागावरचं मीठ पावसाने धुऊन जातं, आडोशाला ते तसंच साचून राहतं. त्यामुळे महिन्यातून एकदा बादलीभर गोड्या पाण्याने पुसून काढणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

इथवर सगळं ‘पैसे गेले, डोक्याला ताप झाला’ या सदरात होतं. ऑफिसच्या लंचमध्ये मी हे किस्से रंगवून सांगायचे. मग ऑक्टोबरमधली ती रात्र आली.

साडेअकराच्या सुमाराला लाइट गेले. पाच मिनिटांत खालून आरडाओरडा. मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली होती. बाबांनी दार उघडलं आणि लगेच धाडकन बंद केलं. जिन्यात काळा धूर. अशा वेळी जिना म्हणजे चक्क धुराडं होतं, सगळा धूर त्यातूनच वर चढतो. आईने १०१ला फोन लावला. मी टॉवेल ओले करून दाराखालच्या फटीत कोंबले. आजीला दमा. तिला धरून आम्ही चौघं बाल्कनीत आलो, स्लायडिंग जेवढी सरकेल तेवढी सरकवली आणि उभे राहिलो.

अग्निशमन दलाची गाडी आली. खालून एका जवानाने बॅटरी मारली आणि ओरडला, ‘काका, ग्रिलचं दार उघडून ठेवा!’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ग्रिलला दारच नव्हतं. चारी बाजूंनी वेल्डिंग. मजबूत पाहिजे म्हणून आम्हीच बजावून सांगितलं होतं.

सुदैवाने शिडी लागली नाही. आग खालच्या खालीच विझली, वीसेक मिनिटांत धूर ओसरला. कुणाला काही झालं नाही. पण ती वीस मिनिटं मी ग्रिलच्या गजांना धरून उभी होते आणि आजी माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून एकेक श्वास ओढत होती. ‘जातलो खंयसून?’ हा प्रश्न आता वाऱ्यापुरता राहिला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी पहिलं काम केलं ते ग्रिल कापायचं. आता त्यात माणूस सहज बाहेर पडेल एवढं उघडणारं दार आहे. कुलूप आतून, चावी तिथेच खिळ्याला, आजीच्याही हाताला लागेल अशा उंचीवर. फिक्स काच गेली. त्या जागी बाहेर उघडणारे पल्ले आले, वर लूव्हर आले, बाहेरून चिक. समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी आता कपाटामागे नाही, मोकळी आहे. वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो.

तेव्हाच आजीने तिच्या मालवणच्या घराची पडवी समजावून सांगितली. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. आडव्या पावसाची झड त्यावर अडते आणि वारा फटींतून येत-जात राहतो. पाऊस सरला की झापं काढून टाकायची, पडवी पुन्हा मोकळी. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात. त्यांतून ऊन गाळून, मऊ होऊन आत येतं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर सनरूम होतीच की! फक्त ती ऊन साठवायला नव्हती आणि ती उघडता यायची.

तुम्हीही या वाटेने निघाला असाल, तर आमच्या खर्चातून एवढं फुकट घ्या:

* परवानगी : आधी सोसायटी आणि महापालिका, मग स्लायडिंगवाला. मुंबईत जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले आणि बाल्कनी एफएसआयमध्ये मोजली जायला लागली. त्याआधीच्या इमारतींत नकाशावर ती ‘उघडी’ असू शकते, तेव्हा मंजूर नकाशा बघाच. किनाऱ्यालगत बंगला असेल तर १९९१पासून चालत आलेले सीआरझेडचे नियमही लागतात.

* वजन : बाल्कनीचा स्लॅब बहुतेकदा एका बाजूनेच इमारतीला धरलेला असतो. कडेला भिंत, मातीच्या जड कुंड्या आणि वर काच असा भार टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

* काच : टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बारीक दाणे होतात. पण ते दाणे खाली पडतात. डोक्यावर किंवा वरच्या मजल्यावर लॅमिनेटेड बरी. तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

* छप्पर : अलिबाग, श्रीवर्धनकडे अंगण झाकणाऱ्यांनी ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आठवावं. वारा छपराखाली शिरला की ते वर उचलतो, त्यामुळे सांगाडा खाली पायात आणि पत्रा सांगाड्यात बोल्टने घट्ट हवा. पॉलीकार्बोनेट शीट उन्हात फुगते, म्हणून तिचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा.

* ग्रिल : दार हवंच. नंतर करू, असं म्हणू नका.

बाबा अजून त्या खोलीला सनरूमच म्हणतात. आजी पडवी म्हणते. संध्याकाळी सहाला चिक वर गुंडाळली की ती तिथे खुर्ची टाकून बसते. परवा तिने मला हाक मारली आणि हाताने दाखवलं, ‘बघ, आता वारो जाता.’

तुम्ही आज ऑफिसमधून घरी गेलात की चपला काढायच्या आधी एक काम करा. बाल्कनीत जा आणि ग्रिल नीट बघा. दार आहे? असेल, तर कुलपाची चावी कुठेय? आणि ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे?