परत येणाऱ्याची जागा

व्यावसायिक टेनिसमध्ये एक नियम आहे. तो आपल्या शाळेनेही घ्यावा, असे मला वाटते.

टेनिसची क्रमवारी मागील ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. वर्षभर न खेळणाऱ्याचे गुण आपोआप गळून पडतात. म्हणून पुरुषांच्या टेनिसमध्ये दुखापतीमुळे सहा महिने किंवा अधिक काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला ‘संरक्षित क्रमवारी’ मागता येते. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील त्याच्या क्रमांकाची सरासरी काढतात आणि परतल्यावर त्या आधारे ठरावीक स्पर्धांत त्याला प्रवेश मिळतो. जिंकायचे मात्र त्याचे त्यालाच असते.

हे मला का सुचले, ते सांगतो. अकरावीत असताना डिसेंबरमधल्या आंतर-हाउस सामन्यात चेंडूकडे वळताना माझा उजवा गुडघा फिरला. एम. आय. रूममधून रुग्णालय, तिथून शस्त्रक्रिया आणि मग वाराणसीला घरी. आमचे घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत आहे. काशीतली जुनी मराठी वस्ती इथलीच. घरात जिना, गल्लीला पायऱ्या आणि गल्ली संपली की घाटाच्या पायऱ्या. गुडघा दुखावलेल्याने राहावे असे हे ठिकाण नव्हे.

वाराणसी हे कुस्तीचे आणि आखाड्यांचे शहर, टेनिसचे नव्हे. तरी इथलाच सिद्धार्थ विश्वकर्मा २०१८ मध्ये दिल्लीच्या फेनेस्टा ओपन राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष एकेरीचा विजेता झाला. ती बातमी वाचून बाबांनी मला पहिली रॅकेट आणून दिली होती. त्या महिन्यांत ती रॅकेट खुंटीवर होती आणि मी आजीबरोबर पायऱ्या मोजत होतो.

चौथ्या महिन्यात मी घाटाच्या पायऱ्या न थांबता चढलो आणि मोठ्या ऐटीत फिजिओथेरपिस्टना सांगितले. ते म्हणाले, “बहुत बढ़िया। अब उतर के दिखाइए।” उतरताना मात्र तिसऱ्याच पायरीवर मला भिंत धरावी लागली. उतरताना मांडीच्या स्नायूंना शरीराचे वजन तोलून धरावे लागते, म्हणून गुडघ्यावर ताण अधिक येतो, हे त्यांनी तेव्हा समजावले.

खेळात परतणेही मला तसेच वाटते. परतणारा आधी खाली उतरतो. दोनदा विम्बल्डन जिंकलेल्या, जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या अँडी मरेच्या खुब्यात जानेवारी २०१९ मध्ये धातूचा भाग बसवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मायोर्काच्या चॅलेंजर स्पर्धेत, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवर खेळला आणि तिथेही तिसऱ्या फेरीत हरला. ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. लोकांना अँटवर्प आठवते. मला मायोर्का मोठे वाटते. आपले नाव माहीत असलेल्या प्रेक्षकांसमोर खालच्या स्पर्धेत हरायला वेगळे धैर्य लागते. आपल्या रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग करून तो उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला.

या दोघांची जिद्द मोठी, यात शंका नाही. पण आपण जिद्दीबद्दल एवढे बोलतो की दाराबद्दल बोलायचे राहून जाते. जिद्दीने परत आलेल्या माणसाला आत यायला दार तर उघडे हवे.

मी जूनमध्ये शाळेत परतलो. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. तोवर संघाच्या चाचणीची यादी लागली होती. मागच्या सत्रातील सरावाची हजेरी पाहून ती करतात आणि माझी हजेरी शून्य होती. कोणी माझ्यावर अन्याय केला असे मी म्हणत नाही. नियम सर्वांना एकच होता. पण आजारी कॅडेट आणि सराव चुकवणारा कॅडेट त्या नियमाला सारखेच दिसतात. याचा आणखी एक तोटा मी डोळ्यांनी पाहतो. नाव कटेल या भीतीने मुले दुखणे लपवतात, सुजलेल्या घोट्यावर पट्टी बांधून फॉलइनला उभी राहतात. तीन आठवड्यांचे दुखणे मग तीन महिन्यांचे होते.

यावर माझ्या एका मित्राने विचारले, “तू घरी होतास तेव्हा आम्ही पहाटे उठून सराव केला. आमची जागा तुला का द्यायची?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर टेनिसच्या नियमातच आहे. संरक्षित क्रमवारीने स्पर्धेत प्रवेश मिळतो, मानांकन मिळत नाही. पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू समोर आला तर त्याच्याशीच खेळावे लागते. मलाही संघातली जागा नको आहे. चाचणीत उतरू द्या, एवढेच मागणे आहे. हरलो तर मित्राच्या सामन्याला चेंडू उचलायला मी उभा राहीन.

म्हणून सुचवतो : एम. आय. रूमच्या नोंदीनुसार ज्याचा सराव दुखापतीमुळे चुकला, त्याची हजेरी दुखापतीआधीच्या सत्राची धरावी आणि परतल्यावर एका चाचणीत त्याला संधी द्यावी. यासाठी खर्च नाही, यादीत एक रकाना वाढेल. मी बारावीत आहे. नियम झाला तरी मला त्याचा उपयोग नाही. पण या वर्षीही कोणाचा तरी गुडघा फिरेल. त्याला घरी पाठवताना “बरा हो, तुझी चाचणी बाकी आहे” असे कोणी म्हणू शकले, तर तो पायऱ्या अधिक नेटाने उतरेल.