कुत्र्याची चरबी आणि मूलपेशी

होसकोटे येथील एखाद्या गोदामाची राखण करणारा कुत्रा म्हातारपणी सांधे धरून उठताना कण्हू लागला, तर त्याचा धनी बंगळूरची वाट धरतो. तेथे हेब्बाळला 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा दुखण्यावर कुत्र्याच्याच चरबीतील मूलपेशी सांध्यात टोचण्याचा उपाय अलीकडे सुचविला जातो. चरबीत अशा पेशी असतात, हे पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मानवी चरबीवरून दाखविले.

कुत्र्याच्या पोटात बेंबीपासून यकृतापर्यंत चरबीचा एक पदर असतो. पोटावर मोठा छेद न घेता तो काढता येतो. उदरपोकळीत कार्बन डायॉक्साइड वायू भरून बारीक छिद्रांतून दुर्बीण व चिमटे आत घालतात. काढलेली चरबी कातरून कोलॅजिनेज या विकराने सुटी करतात आणि यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या काढतात. जखम लहान, म्हणून वेदनाही थोडी. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याच्यावर ही एवढी कृपा थोडी नव्हे.

तथापि, छिद्र लहान झाले म्हणून भूल हलकी होत नाही, आणि म्हाताऱ्या जनावराला तीच जड जाते. या पेशी झिजलेली कूर्चा पुन्हा घडवितात, असे समजणेही उतावळेपणाचे होय. त्यांच्यापासून स्रवणाऱ्या द्रव्यांनी दाह उतरतो, असे अनेक संशोधक मानतात. कातडीखालील चरबी पुरेशी असता पोटात का शिरावयाचे, हे धन्याने अवश्य विचारावे. कुत्रा लठ्ठ असेल, तर प्रथम त्याचे वजन उतरवावे. तेवढ्यानेही लंगडणे पुष्कळदा कमी होते.