सावळ्या कातडीचं खोटं अभय

त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्या सावळ्या कातडीला त्याचं भय नाही, असं आपल्याकडे फार ठामपणे बोललं जातं, आणि शिकलेली माणसंही बोलतात. हे मत मला खोडून काढायचं आहे. पण पूर्वपक्षात जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. कातडीतलं मेलॅनिन उन्हातले अतिनील किरण अडवतं, हे खरं. भारतात तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर जितका दिसतो त्या मानाने त्वचेचा फारच कमी, हेही खरं. ऑस्ट्रेलियात १९८१ साली अंगात सदरा, कातडीला क्रीम आणि डोक्यावर टोपी असा प्रचार सुरू झाला, तो तिथल्या गोऱ्या वस्तीसाठी योग्यच होता.

चूक होते ती यापुढे. मेलॅनिन उन्हापासून वाचवतं. नाडीच्या काचापासून, भाजल्याच्या जुन्या व्रणापासून किंवा आर्सेनिक मिसळलेल्या पाण्यापासून वाचवत नाही. आणि आपल्याकडचा त्वचेचा कॅन्सर पुष्कळदा उन्हाच्या वाटेने येतच नाही.

तळपायाचंच घ्या. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कॅन्सर. गोऱ्यांमध्ये तो पाठीवर, पायांवर निघतो. सावळ्या आणि काळ्या माणसांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ले ३६ व्या वर्षी, १९८१ साली गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमाने. आधी ती फुटबॉलची इजा वाटली होती. आपल्याकडे टाचेवर काळपट डाग आला की तो कुरूप ठरतो किंवा भोवरी. मग कॉर्न कॅप लावायची, ब्लेडने तासायचं, रक्त आलं की हळद दाबायची. मधुमेह असेल तर शुगरची जखम म्हणून महिनोन्महिने ड्रेसिंग चालतं. डाग मात्र कडेने वेडावाकडा पसरत असतो, आणि एक दिवस जांघेत गाठ हाताला लागते. हा आजार दुर्मीळ आहे. पण आपल्याला होतच नाही असं धरून चाललं की तो ओळखणारंच कुणी उरत नाही. डाग १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना भोवतीची १ सेंटिमीटर कातडी घेऊन काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला की इम्युनोथेरपी, आणि तिचा खर्च लाखांच्या घरात.

नखावरची प्रत्येक काळी रेघ कॅन्सरची नसते. सावळ्या माणसांत अनेक नखांवर अशा रेघा निरुपद्रवी असतात. एकाच नखावरची रेघ रुंदावत गेली आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर मात्र थांबू नये.

कमरेची गोष्ट तर आपल्याच घरातली. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली धोतराच्या काचाने होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापलं. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट गाठ, त्यात घाम, धूळ, घर्षण. कातडी काळवंडते, खपल्या धरते, चिरते आणि एखाद्या रुग्णात ती जखम पुढे कॅन्सरची होते. काश्मिरात पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या मांड्या-पोटावर होणारा कॅन्सर याच जातीचा. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ कमरेला घट्ट बांधणाऱ्या दोन वयस्क स्त्रियांच्या अशाच जखमा नोंदवल्या. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं हे ज्ञान आपल्या हाताशी आहे, आणि तरी परकर विकत घेताना बारीक सुतळीसारखी नाडी मुकाट्याने घेतली जाते. लुगडं सोडा असं कुणी म्हणत नाही. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, जागा बदलत राहावी, काळवंडलेल्या पट्ट्यावर जखम झाली तर ती दाखवावी.

भाजल्याच्या व्रणांबद्दल मला सर्वांत जास्त पोटतिडकीने सांगायचं आहे. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या किती बायका आपण पाहिल्या आहेत! जीव वाचला म्हणून घरी पाठवलं, जखम कशीबशी आक्रसून भरली. सांध्यावर ताणलेली ती पातळ कातडी हलली की फाटते, पुन्हा धरते, पुन्हा फाटते. वीस-तीस वर्षांनी तिथेच कॅन्सर होऊ शकतो. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ साली वर्णन केलेल्या अशा व्रणांना आजही त्याचंच नाव आहे. खोल भाजलेल्या जागेवर वेळेवर त्वचारोपण केलं तर ही फाटकी कातडी पुष्कळदा राहतच नाही. प्लास्टिक सर्जरी ही कॅन्सरनंतरची सजावट आहे असं समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: अशा भाजलेल्या बाईच्या बाबतीत तीच प्रतिबंधक उपाय आहे. मोठ्या भाजण्यात रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा दान केलेली त्वचा तात्पुरतं झाकण घालते. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा दान करता येते, तरी नेत्रदानाइतकी तिची चर्चा आपण करत नाही.

दुसरा आक्षेप सगळ्यांच्या ओठावर असतो: लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. हा समज का रुजला ते समजू शकतं. माणूस मुळात उशिरा येतो. आजार आधीच आत गेलेला असतो, आणि तो ऑपरेशननंतर बाहेर दिसला की दोष सुरीवर जातो. प्रत्यक्षात पंच बायोप्सीत काही मिलिमीटरचा तुकडा जागा बधिर करून घेतात. तिच्याशिवाय पुढचा एकही निर्णय घेता येत नाही. खरी भीती वेगळीच आहे. चामखीळ म्हणून काहीतरी कापून किंवा जाळून टाकतात आणि तुकडा तपासायला पाठवतच नाहीत. काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत गेला का, बाटलीवर नाव आणि जागा लिहिली का, रिपोर्टमध्ये तुकड्याच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का, हे तीन प्रश्न नातेवाइकांनी न लाजता विचारावेत.

उरतो विद्रूप होण्याचा धाक. नाकाच्या शेंड्यावरची, खपली धरून पुन्हापुन्हा रक्त येणारी पुटकुळी बेसल सेल कॅन्सर निघाली की, नाक गेल्यावर जगायचं कसं, म्हणून म्हातारी माणसं उपचारच नाकारतात. ज्या शास्त्राने त्यांचं नाक परत येऊ शकतं त्याची एक मोठी नोंद पुण्याची आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जमातीतल्या एका कारागिराने मेणाचा नमुना करून कपाळावर माप आखलं, तेवढी कातडी उचलली आणि भुवयांमधल्या देठावर वळवून नवं नाक बसवलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर १७९४ मध्ये ते छापलं, आणि १८१४ साली कार्प्यू या सर्जनने त्यावरून तिकडे शस्त्रक्रिया केली. कॅन्सरने नाक गेलेल्यांसाठी कपाळावरचा हाच तुकडा आजही वापरतात. देठ सुमारे तीन आठवड्यांनी कापतात. तसंच डागासाठी टाचेची कातडी काढावी लागली तर तळव्याच्या कमानीची, जिथे भार पडत नाही तिथली कातडी नसेसकट सरकवतात, म्हणजे चालताना जमीन जाणवत राहते.

हे सगळं श्रीमंतांचं, असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रियांबरोबर भाजल्याचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे विभाग आहेत. खासगी आरोग्य विम्यात कॉस्मेटिक उपचार वगळणारं जे कलम असतं, त्यातच अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. काउंटरवर प्लास्टिक हा शब्द वाचून कुणी फाइल परत केली, तर त्या कलमावर बोट ठेवावं आणि नकार लेखी मागावा.