तुटकी पॅकेजं कोणी धरून ठेवलीत?

उबुंटू १८.०४ वर एकाच बिल्डसाठी एनपीएम आणि लिबएसएसएल-डेव्ह दोन्ही मागून बघा. एपीटी नकार देतं, आणि वर सुनावतं की तुम्ही तुटकी पॅकेजं रोखून धरली आहेत. तुम्ही बापडे काहीच रोखलेलं नसतं!

खरी भानगड अशी. एनपीएमला नोड-जिप हवं, नोड-जिपला नोडजेएस-डेव्ह, त्याला लिबएसएसएल१.०-डेव्ह. आणि या शेवटच्याचं लिबएसएसएल-डेव्हशी, म्हणजे ओपनएसएसएल १.१ च्या हेडर फाइलींशी, उघड वैर. चालत्या मशीनवर ओपनएसएसएलच्या दोन्ही लायब्ररी सुखाने नांदतात, कारण त्यांच्या फाइलींची नावं वेगळी. हेडर मात्र एकाच जागी बसतात. म्हणून भांडण पेटतं ते बिल्ड करताना.

ही सगळी साखळी पॅकेजांच्या माहितीत आधीपासून लिहिलेली आहे. कोडची एक ओळही कम्पाइल न करता ती वाचता येते. मग खापर वापरणाऱ्याच्या डोक्यावर का?

यावर जाणकार म्हणतात, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. सगळ्या परिस्थितींत झटपट सोडवणारी रीत कोणालाच माहीत नाही. खरं आहे. पण ही पळवाट झाली. ओपनसुसेच्या झिपरमध्ये २००८ पासून एसएटी सॉल्व्हर आहे आणि तो रोज हजारो पॅकेजांतून वाट काढतो. डेबियनवाल्यांकडे डोस-डेबचेक आहे. त्याला कारण विचारलं तर कोणत्या साखळीने कोणती दोन पॅकेजं आमनेसामने आली, ते नावानिशी सांगतं. म्हणजे अडचण गणिताची नाही, आमच्या आळसाची आहे.

दुसरा लाडका सल्ला: ‘कंटेनरमध्ये टाक.’ दोन वेगळे प्रोग्राम असतील तर ठीक. पण एकाच प्रोग्रामला दोन्ही हेडर लागत असतील, तर कंटेनरच्या आत तेच भांडण, फक्त दार लावून.

आणि आम्ही पॅकेज बनवणारे? लायब्ररीचं नुसतं नाव लिहून मोकळे होतो. कोणती आवृत्ती चालते आणि कोणती नाही, हे लिहायचं राहूनच जातं. जी अट लिहिलीच नाही ती कुठला सॉल्व्हर तपासणार? मग अर्धा तास कम्पाइल झाल्यावर हेडरमधलं एखादं फंक्शन सापडत नाही, आणि लोक कम्पायलरला शिव्या घालतात.

माझ्या बिल्डची पहिली पायरी डोस-बिल्डडेबचेक. ती नापास झाली की कम्पायलर सुरूच होत नाही.